ग्रीक कथा आणि इंग्रजीचा तास: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही एक छोटी टीप छापली होती, की इंग्रजीतले कितीतरी शब्द ग्रीक पुराणकथांतून आलेत आणि ती कथा सांगितली तर शब्द पोरांच्या डोक्यात बसतो. त्यावर पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोटही आल्या आणि त्यातल्या बहुतेक मराठवाड्यातून, परभणी, लातूर, नांदेड, बीड, धाराशिव, हिंगोली. म्हणून यावेळी अख्खं सदर त्यालाच देतेय.

प्रश्न: ताई नमस्कार. मी जिंतूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सातवी-आठवीला इंग्रजी शिकवते. तुमचं वाचून मी फळ्यावर बारा ऑलिंपियन देवांचा तक्ता काढला, नाव, कशाचा देव, चिन्ह काय, सगळं. पोरांनी वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर देवांचा राजा झ्यूस सोडून कुणालाच काही सांगता येईना. एक पोरगा म्हणला, मॅडम हे परीक्षेला पाठ करायचंय का. मी कुठं चुकायले?
— एक शिक्षिका, जि. परभणी

उत्तर: मॅडम, तक्ता वाईट नाही, पण तो शेवटी यायला पाहिजे होता. बारा नावं, बारा खाती, बारा चिन्हं आणि त्यातलं एकही पात्र पोरांच्या ओळखीचं नाही, मग लक्षात राहील तरी कसं. उलटं करून बघा. पोरांच्या तोंडात आधीपासून असलेला इंग्रजी शब्द घ्या आणि तिथून मागं गोष्टीकडं जा.

पॅनिक घ्या. पाचवीतलं पोरगंसुद्धा म्हणतं, पेपर बघून पॅनिक झालो. आता त्यांना सांगा की हा शब्द पॅन नावाच्या देवापासून आलाय. वरून माणूस, कमरेखाली बोकड, डोक्याला शिंगं, हातात वेताच्या नळ्यांची बासरी, डोंगरात शेळ्यामेंढ्या राखणाऱ्यांचा देव. भर दुपारी हा झाडाखाली झोपायचा आणि त्या वेळी कुणी आवाज केला तर लई चिडायचा, म्हणून ग्रीक गुराखी दुपारचं बासरी वाजवायला भ्यायचे. रानात एकट्यानं चालताना कारण नसताना अंगावर काटा येतो, शांत चरणारा कळप अचानक बिथरून पळत सुटतो, ती भीती पॅनची, असं ते मानायचे. एवढं सांगून थांबा. कुणीतरी म्हणेलच की आमची आजी पण म्हणती दुपारच्या बाराला त्या बाभळीखाली जाऊ नको. मग दुसरा त्याच्या मळ्यातली जागा सांगेल, तिसरी तिच्या मामाच्या गावची. सांगू द्या, मराठीत सांगू द्या, दहा मिनिटं गेली तर जाऊ द्या. आणि मग फळ्यावर इंग्रजीत दोनच वाक्यं लिहा, शेळ्या पॅनिक झाल्या आणि पॅनिक होऊ नको. भूतकाळ करताना पॅनिकच्या स्पेलिंगमध्ये ई-डीच्या आधी के येतो, हे तेव्हाच दाखवून टाका, त्या शेळ्यांसकट ते लक्षात राहतं.

इंग्रजीच्या तासाला एवढं मराठी कसं बोलायचं, केंद्रप्रमुख आले तर काय, ही भीती बऱ्याच जणांनी लिहिलीय. माझं मत स्पष्ट आहे, गोष्ट मराठीत सांगायची, पूर्ण आणि रंगवून, शब्द इंग्रजीत द्यायचा आणि त्या शब्दाची वाक्यं पोरांनी इंग्रजीत करायची. अर्धवट इंग्रजीत सांगितलेली गोष्ट ना गोष्ट राहते ना इंग्रजी होते. आणि सांगायची पद्धत आपल्या घरातलीच आहे की, श्रावणातल्या कहाण्यांची. आटपाट नगर होतं, तिथं मिडास नावाचा राजा होता. फ्रिजियाचा राजा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला. डायोनायसस देव त्याच्यावर प्रसन्न झाला, माग काय पाहिजे ते, राजा म्हणाला मी हात लावीन ते सोनं होऊ दे. फांदीला हात लावला सोनं, दगडाला लावला सोनं, आणि मग भूक लागली, भाकर हातात घेतली तर सोनं, पाणी ओठाला लावलं तर सोनं. मग देवाचे पाय धरले, उतत नाही मातत नाही म्हणाला, देवानं पॅक्टोलस नदीत अंघोळ करायला सांगितली. त्या नदीच्या वाळूत खरोखर सोन्याचे कण सापडायचे, आणि ते कुठून आले हे सांगायला ही कथा झाली. मिडास टच हा शब्दप्रयोग पेपरात, शेअर मार्केटच्या बातम्यांत आजही कौतुक म्हणून वापरतात, कथेत मात्र तो राजाच्या जिवावर आला होता. हा फरक आठवीतल्या पोरांना विचारा, ते बरोबर पकडतात.

काही गोष्टी तर खेळायच्याच आहेत. इको नावाची वनदेवता फार बोलकी. हीरा या देवांच्या राणीला तिनं मुद्दाम बोलण्यात गुंतवून ठेवलं म्हणून हीरानं शाप दिला की यापुढं तुला स्वतःचं बोलता येणार नाही, दुसऱ्याचे शेवटचे शब्द तेवढे परत म्हणता येतील. आता वर्गात एका पोरीला इको करा, तुम्ही इंग्रजीत वाक्य बोला, तिनं शेवटचे दोन-तीन शब्द जसेच्या तसे परत म्हणायचे. मग दुसरीची पाळी. लाजरी मुलंही यात बोलतात कारण वाक्य बनवायचं ओझं नसतं. बारवेत तोंड घालून ओरडलं की आवाज परत येतो तीच ती इको, हे सांगायची गरजही पडत नाही.

टँटलाइझ हा शब्द अवघड वाटतो, पण तो तर आपल्या भागात सगळ्यात लवकर समजायला पाहिजे. टँटलस राजानं देवांचा घोर अपराध केला म्हणून पाताळात त्याला हनुवटीपर्यंत पाण्यात उभं केलं. तहान लागून वाकला की पाणी खाली जातं. डोक्यावर फळांनी लदलेल्या फांद्या, हात वर केला की वारा त्या उडवून लावतो. डोळ्यासमोर आहे आणि मिळत नाही. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तुमच्या वर्गातल्या पोरांना ते आठवणार नाही पण त्यांच्या आईवडिलांना नक्की आठवतंय. घरी जाऊन विचारून या म्हणावं, आणि मग या शब्दाचं वाक्य करा.

एक अजून, सहल देवगिरीला जाणार असेल तर. किल्ल्यात वर जाताना ती अंधारी लागते, वळणावळणाचा काळोखा भुयारी रस्ता, शत्रू आत शिरला तर त्याला वाटच सापडू नये म्हणून केलेला. तिथं जायच्या आदल्या दिवशी वर्गात क्रीट बेटाची गोष्ट सांगा. डीडलस नावाच्या कारागिरानं राजासाठी बांधलेला चक्रावून टाकणारा वाडा, लॅबिरिंथ, त्यात बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर, आणि थीसियस त्याला मारायला निघाला तेव्हा राजकन्या ॲरिअॅडनीनं त्याच्या हातात दिलेला दोऱ्याचा गुंडा. दोरा सोडत आत गेला, त्याच दोऱ्यानं बाहेर आला. इंग्रजीत गुंड्याला जो जुना शब्द होता त्याचंच पुढं क्लू झालं. म्हणजे गुप्तहेराच्या सिरियलमधला क्लू हा मुळात सुतळीचा गुंडा आहे. अंधारीत शिरताना एखाद्या पोराच्या हातात खरंच सुतळी द्या, आणि बाकीचे शिक्षक सोबत ठेवा, अंधार असतो.

आठवड्याला एक गोष्ट, त्यातून एखादा-दुसरा शब्द. जास्त नको. बारा देवांचा तो तक्ता वर्षाच्या शेवटी पोरांकडूनच भरून घ्या, तोपर्यंत अर्धे देव त्यांना गोष्टीतून भेटलेले असतील.

प्रश्न: माझी मुलगी नववीला आहे, सेमी इंग्लिश. अकरावी-बारावी लातूरलाच करून नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, द्यायची हे आमचं ठरलेलं आहे. तिचे इंग्रजीचे सर ग्रीक देवांच्या गोष्टी सांगायलेत. मुलगी घरी येऊन आनंदानं सांगते ते ठीक, पण ग्रामर कधी होणार, एमसीक्यू कधी सोडवणार? हा वेळ वाया चाललाय असं वाटतं. सरांना सांगावं का?
— एक पालक, लातूर

उत्तर: दादा, मुलगी शाळेतलं घरी येऊन आनंदानं सांगते, ही गोष्ट तुम्ही अर्ध्या वाक्यात टाकून पुढं गेलात, ती मला सगळ्यात मोठी वाटली. पण तुमचा प्रश्न वेळेचा आहे तर त्याचंच उत्तर देते, आणि नीटच्याच पुस्तकातून देते.

अकरावीच्या बायोलॉजीत प्राण्यांच्या वर्गीकरणात जेलीफिशच्या गटाची दोन रूपं येतात, पॉलिप आणि मेड्यूसा. मेड्यूसा ही केसांच्या जागी वळवळणारे साप असलेली राक्षसीण, जिच्याकडं बघितलं की माणूस दगड होतो. जेलीफिशच्या छत्रीखाली लोंबणारे ते धागे बघा आणि सांगा नाव बरोबर आहे का नाही. मग हायड्रा, जो दहावीलाच प्रजननाच्या धड्यात भेटतो. हायड्रा हा अनेक डोक्यांचा पाणसाप, हेराक्लीस हा वीर एक डोकं छाटायचा तर तिथं दोन उगवायची, शेवटी पुतण्यानं मानेवर जळतं लाकूड टेकवलं तेव्हा थांबलं. तळ्यातल्या त्या इवल्या जिवाचा तुकडा केला तरी त्यातून पूर्ण प्राणी वाढतो, म्हणून त्याला हे नाव. हेही रिजनरेशनच झालं, आणि ज्या पोरीला गोष्ट माहीत आहे तिला रिजनरेशन काय ते पुन्हा पाठ करावं लागत नाही.

डोळ्यातली परितारिका, इंग्रजीत आयरिस. आयरिस ही इंद्रधनुष्याची देवी, आणि डोळ्याचा रंग ठरतो तो त्याच पडद्यावरून. मानेतला पहिला मणका ॲटलास, कारण तो डोक्याचा गोल पेलतो, जसं ॲटलास नावाच्या टायटननं, म्हणजे जुन्या पिढीतल्या देवानं, आकाश पेललं. पृथ्वी नाही बरं का, आकाश, चित्रांत बऱ्याचदा पृथ्वी दाखवतात. टाचेवरचा जाड स्नायुबंध अकिलीस टेंडन, अकिलीस या ग्रीक वीराच्या टाचेवरून. कोळी, विंचू ज्या गटात येतात तो ॲरॅक्निडा, अरॅक्नी नावाच्या विणकरणीवरून, जिला अथीना देवीनं कोळी करून टाकलं. हायजीन हा शब्द हायजियावरून, ती वैद्यांचा देव असलेल्या ॲस्क्लेपियसची मुलगी, आणि दवाखान्याच्या बोर्डावर काठीला गुंडाळलेला एक साप दिसतो ती काठी तिच्या बापाची. मॉर्फिन हे मॉर्फियसवरून, तो स्वप्नांचा देव. केमिस्ट्रीत गेलात तर हेलियम, १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात जान्सन या फ्रेंच शास्त्रज्ञानं आंध्रात, गुंटूरला थांबून सूर्याच्या प्रकाशात जी पिवळी रेघ पाहिली तिच्यावरून पुढं या वायूचा माग लागला आणि नाव पडलं सूर्यदेव हेलिऑसचं.

मी असं म्हणणार नाही की गोष्टी ऐकल्या म्हणून मार्क वाढतील. मार्क अभ्यासानं वाढतात, आणि ग्रामर झालंच पाहिजे, त्यात तुमचं शंभर टक्के बरोबर. पण बारावीपर्यंत तिला हजारो परके शब्द गिळायचे आहेत, आणि त्यातले काही जर ओळखीचे निघाले तर तिचा जीव थोडा हलका होईल. लातुरात दोन वर्षं पोरं कसल्या ताणात काढतात हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघता. सरांना जरूर भेटा, तक्रार म्हणून नको, सायन्सच्या पुस्तकातले शब्द घेऊन जा आणि यांच्या गोष्टी पण सांगा म्हणा.

प्रश्न: ज्युपिटर आणि झ्यूस एकच का? हर्क्युलिस आणि हेराक्लीस? कोणतं नाव लिहिलं तर बरोबर?
— इयत्ता आठवी, नांदेड

उत्तर: ग्रीकांच्या गोष्टी रोमन लोकांनी आपल्याशा केल्या आणि देवांना आपली नावं दिली. झ्यूसचा ज्युपिटर झाला, एरीसचा मार्स, ॲफ्रोडाइटीची व्हीनस, पोसायडनचा नेपच्यून, हेराक्लीसचा हर्क्युलिस. दोन्ही बरोबर, फक्त एका उत्तरात एकच पद्धत ठेव. पृथ्वी सोडली तर ग्रहांची इंग्रजी नावं रोमन आहेत, युरेनसचं तेवढं ग्रीक आकाशदेवावरून. हा ग्रह १७८१ मध्ये सापडला आणि युरेनियम हे मूलद्रव्य १७८९ मध्ये, त्याला या नव्या ग्रहाचंच नाव दिलं. अजून एक, झ्यूस पातर, ज्युपिटर आणि आपल्या वेदातला द्यौस् पितर ही तिन्ही नावं भाषेच्या एकाच मुळातून आलीत, अर्थ आकाशपिता. तुझ्या संस्कृतच्या सरांना विचार, ते खूश होतील.

आणि हो, ऑलिंपिक हे नाव ऑलिंपस डोंगरावरून आलेलं नाही. ते ऑलिंपिया गावावरून आलंय, तिथं झ्यूसचं देवस्थान होतं आणि परंपरेनुसार इ.स.पू. ७७६ पासून तिथं खेळ भरायचे. डोंगर उत्तरेला, गाव पार दक्षिणेकडं. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये जे ब्राँझ आणलं त्यावर नाइकी ही विजयाची देवी आहे, बुटांच्या कंपनीनं तिचंच नाव घेतलं. आष्टीचा अविनाश साबळे ऑलिंपिकला पळाला तेव्हा तू टीव्ही बघितला असशील तर पुढच्या वेळी पदकावर नाइकी शोध.

प्रश्न: ताई, मी गेवराई भागात शिकवतो. पालकसभेत गावातले एक वयस्कर गृहस्थ उठले आणि म्हणाले, सर, आपल्या पोरांना आपलेच देव नीट माहीत नाहीत आणि तुम्ही दुसऱ्यांचे देव कशाला शिकवायलेत. मला पटकन उत्तर देता आलं नाही. त्यांचा मी आदर करतो, भांडायचं नाही. काय सांगू?
— एक शिक्षक, जि. बीड

उत्तर: सर, पहिल्यांदा हे माना की त्या आजोबांच्या बोलण्यात काळजी आहे आणि अर्धं बरोबर पण आहे. एकनाथांची भारुडं ज्या मातीतली, तिथल्या पोरांना भारूड ऐकायला मिळत नाही पण अकिलीस माहीत आहे, असं झालं तर ते वाईटच. म्हणून माझा सल्ला असा की पुढच्या वेळी त्या आजोबांनाच वर्गात बोलवा. तुम्ही अकिलीस सांगा, की थेटिस आईनं बाळाला अमर करायला स्टिक्स नदीत बुडवलं, टाच हातात धरली होती तेवढी कोरडी राहिली आणि शेवटी बाण तिथंच लागला. आणि आजोबांना म्हणा आता दुर्योधनाच्या मांडीची गोष्ट तुम्ही सांगा. गांधारीनं डोळ्यावरची पट्टी काढली, ज्या अंगावर नजर पडली ते वज्राचं झालं, मांडी झाकलेली होती ती तशीच राहिली. कुणीतरी पोरगी श्रीकृष्णाच्या तळपायाला लागलेला जरा नावाच्या पारध्याचा बाण पण काढेल. अकिलीसची नदीत बुडवायची गोष्ट होमरच्या इलियड या महाकाव्यात नाही, ती लोकांनी मागाहून जोडलेली आणि रोमन कवी स्टेशियसच्या काव्यात सापडणारी, आणि गांधारीच्या नजरेची गोष्टही व्यासांच्या महाभारतापेक्षा लोकांच्या तोंडी जास्त जगली. दोन्हीकडं आईच्याच मायेतून ती एक जागा उघडी राहिली. यावर पोरं तासभर बोलू शकतात, आणि अकिलीस हील म्हणजे बलवानाची कच्ची जागा हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

फक्त एक जपा. झ्यूस म्हणजे आपला इंद्रच, असं फळ्यावर बरोबरचं चिन्ह काढून लिहू नका. वज्र दोघांकडं आहे, इथपर्यंत ठीक, पण पुढं दोघांची वाट वेगळी आहे. इंद्र आपल्याकडं पूजेतून मागं पडला, झ्यूस तिकडं शेवटपर्यंत राजा राहिला. पोरांना सारखेपणा शोधू द्या आणि लगेच विचारा, फरक काय. फरक सांगताना त्यांना स्वतःच्या पुराणाकडं परत जावंच लागतं, त्यामुळं आजोबांचं पण काम होतं.

आता दुसऱ्यांचे या शब्दाबद्दल. गेवराईहून पैठण किती जवळ. पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली, पेरिप्लस म्हणतात तिला, त्यात पैठणचं नाव आहे आणि तगर म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं पण. गुजरातेतल्या भडोच बंदराहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असं अंतर दिलंय. पैठणहून रंगीत मौल्यवान दगड आणि तगरहून कापड गाड्यांत भरून वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं, तिथून जहाजानं पुढं. तेरच्या म्युझियममध्ये त्या काळातल्या वस्तू ठेवल्यात, एसटीनं जाऊन येण्यासारखं आहे. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर दान देणाऱ्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, नावं कोरलेली आहेत, नाशिकला पांडवलेणीत पण आहे. आणि कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर तर पोसायडनची ब्राँझची मूर्ती सापडली, ती तिथल्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. म्हणजे ज्यांचा देव आपल्या पंचगंगेच्या काठी येऊन राहिला, ज्यांच्या वहीत आपल्या पैठणचं नाव आहे, त्यांच्या गोष्टी ऐकायला काय हरकत आहे, असं आजोबांना हात जोडून विचारा. मला वाटतं ते पैठणचं ऐकून खूश होतील.

प्रश्न: गोष्टी शोधायला गेलं की भलतंच निघतं. झ्यूसच्या भानगडी, पळवून नेलेल्या मुली, झ्यूसचा बाप क्रोनस तर स्वतःची लेकरं गिळतो. सातवीच्या मुलामुलींसमोर हे कसं सांगायचं? सगळं गाळलं तर गोष्टच उरत नाही.
— एक शिक्षिका, धाराशिव

उत्तर: क्रोनसला घाबरू नका. तुझं पोरगंच तुला गादीवरून काढणार ही भविष्यवाणी, म्हणून तो एकेक बाळ गिळतो, शेवटच्या वेळी आई कपड्यात दगड गुंडाळून देते आणि झ्यूस लांब क्रीटमध्ये वाढतो. पोरं मध्येच ओरडतील, कंस! मॅडम हा तर कंस आहे! देवकीची आठ लेकरं आपण पाळण्यातल्या पोरांनाही सांगतो, तेव्हा क्रौर्याचं भय पोरांना जेवढं आपण समजतो तेवढं नसतं, राक्षस हरणार आहे हे त्यांना माहीत असतं.

झ्यूसच्या भानगडी सातवीला नकोत, त्यावाचून काही अडत नाही. इकोच्या गोष्टीत हीराला बोलण्यात का गुंतवलं हे पोरांनी विचारलं तर झ्यूसला गुपचूप बाहेर जायचं होतं एवढं पुरे. पण पर्सेफनीची गोष्ट मी गाळणार नाही. पाताळाचा राजा हेडीस तिला उचलून नेतो, तिला कुणी विचारत नाही, आणि हे चुकीचंच आहे असं बाईंनी वर्गात स्पष्ट म्हणावं. ज्या भागात शाळेच्या वयात मुलींची लग्नं लावून देतात, ऊसतोडीला जाताना घरी पोरगी एकटी कशी ठेवायची म्हणून लावून देतात, तिथं ही गोष्ट परदेशातली राहत नाही. गोष्टीत आई गप्प बसत नाही. डीमीटर ही पिकांची देवी, ती रुसून बसते, शेतात दाणा उगवत नाही, माणसं उपाशी मरायला लागतात, तेव्हा झ्यूसला झुकावं लागतं आणि पोरगी परत येते, पण पाताळात डाळिंबाचे दाणे खाल्ले म्हणून वर्षातले काही महिने तिला परत जावं लागतं. ते महिने उजाड, ती आली की हिरवं. डीमीटरचं रोमन नाव सीरीस, आणि त्यावरून सीरिअल, म्हणजे ज्वारी, बाजरी, गहू, सगळी तृणधान्यं. सातवीला हा एक शब्द आणि एक आई पुरेशी आहे. मुलींना बोलायचं असेल तर त्या दिवशी इंग्रजीचं वाक्य राहिलं तरी चालेल.

प्रश्न: शब्दांची गोष्ट कळली पण स्पेलिंग? आमच्या पोरांनी इको लिहिताना के लावला, फोबियाला एफ. आणि वाचताना केमिस्ट्रीला चेमिस्ट्री म्हणायलेत. काही नियम आहे का?
— एक शिक्षक, जि. हिंगोली

उत्तर: आहे, आणि सर, हा तर ग्रीक शब्दांचा सगळ्यात रोजच्या कामाचा फायदा आहे. ग्रीक अक्षरं रोमन लिपीत लिहिताना काही ठराविक जोड्या पडल्या आणि त्या इंग्रजीत तशाच राहिल्या. सी-एच असेल आणि शब्द ग्रीक मुळाचा असेल तर उच्चार बहुतेक वेळा क. इको, केऑस, केमिस्ट्री, कॅरेक्टर, स्कूल, स्टमक, अकिलीस, सायकी. पी-एच असेल तर फ, फोबिया, फिजिक्स, फोटो, अल्फाबेट. शब्दाच्या सुरुवातीला पी-एस असेल तर पी गप्प, सायकॉलॉजी, ग्रीक लोक तो पी म्हणायचे पण इंग्रजी जिभेला ती सुरुवात जमली नाही. मधला वाय बऱ्याचदा इ किंवा आय सारखा, मिस्टरी, टायफॉइड.

वर्गात चार्टपेपरवर सी-एचची तीन घरं आखा. एकात च, चाइल्ड सारखे. एकात क, हे ग्रीक. एकात श, मशीन, शेफ, हे फ्रेंचमधून आले. पोरांनी आपल्या सगळ्या पुस्तकांत, सायन्स, भूगोल, गणित, सी-एच दिसला की आणून योग्य घरात लिहायचा, आणि कोणत्या घरात जातो हे भांडून ठरवायचं. हेडेकमधला सी-एच ते क च्या घरात टाकतील, तो उच्चारानं तिथंच बसतो, पण तो ग्रीक नाही. हा शब्द अस्सल इंग्रजी आहे आणि पूर्वी के नं लिहायचे, सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या डिक्शनरीत तो ग्रीकमधून आला असं समजून सी-एचला मान दिला आणि ते स्पेलिंग टिकलं. एवढ्या मोठ्या माणसाचा अंदाज हुकला म्हटल्यावर तुमच्या पोरांना के लावल्याबद्दल लाल शाईचा गोल मारू नका, बाजूला सी-एच लिहून द्या फक्त.

चार्ट भरला की त्याचा फोटो काढून आमच्याकडं पाठवा, शाळेचं नाव घालून पुढच्या अंकात छापू.